आत कोणी झोपतं का?

वरवंड,
१९ डिसेंबर २०२४

चि. वैष्णवीस,

पत्र बघून घाबरू नकोस, तुझे आण्णा बरे आहेत. फोन केला असता, पण तुझे दादा घरी आले की माझा फोन उघडून बघतात. तू सुमितशी लग्न केलंस तेव्हापासून या घरात त्यांच्यासमोर तुझं नाव निघत नाही. म्हणून हे पत्र भाकरीच्या पिशवीतून. चौफुल्याहून तुमच्या रांजणगावच्या कंपनीची बस नेणारा संपत माझ्या माहेरचा. तो म्हणाला, "सविताताई, डबा पोचवायला काय जातंय? आत काय हाय ते मी बघत न्हाई." मग हसला. त्याला सगळं कळतं.

काम असं आहे. दिवाळीनंतर आलेली कोंबड्यांची पिलं थंडीनं गेली. शेडमध्ये कोळशाच्या शेगड्या लावल्या होत्या. पडदे सोडले की धूर कोंडायचा, उचलले की गारठा. पिलांना थंडी वाजली की ती कोपऱ्यात एकमेकांवर चढतात, आणि खालची गुदमरून जातात. सकाळी मी ढीग उपसत होते. वरची पिलं ऊबदार आणि खालची चपटी झालेली. पिलं देणाऱ्या कंपनीचा सुपरवायझर म्हणाला, पुन्हा अशी मर झाली तर तुमच्या शेडला पिलं टाकणार नाही.

शेड बंद पडलं तर घरात पोटापाण्याची अडचण नाही. हे पाटसच्या कारखान्यावर ट्रॅक्टरनं ऊस वाहतात, शेत आहे. पण आण्णांचं काय? मेंढरं विकल्यावर वर्षभर ते भिंतीकडे तोंड करून पडून होते, ते तू पाहिलंयस. पिलं आली तसे ते उठले, दाढी करायला लागले. ही पिलं मेली तेव्हा पुन्हा भिंतीकडे तोंड. चार घास जात नव्हते. मी पुढची बॅच येणार असं सांगितलं तेव्हा कुठं चहा घेतला. वैष्णवी, पुढची बॅच गेली तर ते उठणार नाहीत. हे मला त्यांच्या पाठीकडे बघून कळतं.

मागच्या हिवाळ्यात तुमच्या कंपनीत नव्या हॉलला गरम करायला यंत्रं आणली होती, असं तू बोलली होतीस. तसलं आम्हाला मिळेल का? कुठलं घ्यायचं?

सविता


रांजणगाव,
२१ डिसेंबर

ती. वहिनी,

डबा उघडला आणि भाकरीखाली तुमचं अक्षर. मी कॅन्टीनमध्ये रडले. शेजारची प्रगती म्हणाली, "एवढं तिखट हाय का कालवण?"

यंत्रांचं मला थोडं कळतं, कारण ती भाड्यानं मागवण्याचं काम आमच्या मेंटेनन्सकडेच होतं. नव्या हॉलच्या फरशीवर रंगासारखा थर दिला होता, तो थंडीत वाळेना. तेव्हा मीही यंत्रवाल्यांना एवढंच विचारलं होतं की जास्त गरम कुठलं. ते म्हणाले, मॅडम, आधी जागा सांगा, मग यंत्र.

विजेवरचं यंत्र तुमच्या लाइनला झेपणार नाही. राहिली डिझेलची. त्यात दोन तऱ्हा. एकात आग आणि हवा एकत्रच. म्हणजे पुढून जी गरम हवा येते तिच्यात जळालेला वायूही असतो. धूर दिसत नाही, वासही फारसा नाही, पण असतो. हे झटकन तापतं आणि लगेच मिळतं. दुसऱ्याला धुराडं असतं. ते शेडच्या बाहेर ठेवायचं, आग बाहेर, धूर बाहेर, आणि जाड कापडी नळीतून नुसती गरम हवा आत. ते चांगलं, पण कमी लोकांकडे असतं.

मला जागा सांगा. शेड किती लांब, उंची किती, पडदे कशाचे, वर फट राहते का, पंख्यापुरती वीज रात्रभर असते का. आणि त्यांचा जो पहिला प्रश्न, तो मी शेवटी लिहिते, कारण यंत्र त्यावर ठरतं: आत कोणी झोपतं का? माणूस जाऊन येऊन असेल तर एक गोष्ट, झोपत असेल तर दुसरी.

भाड्याचं मी बघते, त्यावर बोलायचं नाही.

आण्णांना सांगू नका मी रडले ते.

तुमची वैष्णवी


वरवंड,
२३ डिसेंबर

चि. वैष्णवीस,

लांबी आणि उंची मागच्या कागदावर लिहिली आहे, दोरीनं मोजली. पडदे जुन्या पोत्यांचे, आतून प्लॅस्टिक. वर फट आहे, पण थंडीत आम्ही ती बुजवतो. सिंगल फेज असते, मधेच जाते आणि येते.

आत कोणी झोपत नाही. कोंबड्यांत कोण झोपणार? खाद्य टाकायला, पाणी बघायला मी जाते आणि येते. आण्णा ओट्यावर झोपतात, दोन गोधड्या देते.

एवढं बघ आणि लवकर ठरव. पिलं दोन जानेवारीला येणार. रोज आण्णा विचारतात, "गाडी निगाली का?" जणू लग्नाचं वऱ्हाड यायचंय.

हे कोणाला पत्र लिहितेस म्हणून आण्णांनी हटकलं. मी सांगितलं. मग म्हणाले, माझंही लिव:

'पोरी, तुझं यंत्र धाड. मेंढराला देवानं लोकर दिली, या पाखरांना कंपनीनं पिसं यायच्या आधीच गाडीत घातलं. सुमितरावांना रामराम. त्यांना मटण आवडतं का ते कळव. — आण्णा'

सविता


रांजणगाव,
२७ डिसेंबर

ती. वहिनी,

आण्णांनी 'सुमितराव' लिहिलं. मी ते सुमितला वाचून दाखवलं. तो कागद त्यानं आपल्या पाकिटात ठेवला. मटण आवडतं म्हणावं.

यंत्राचं असं झालं. धुराड्याचं यंत्र त्यांच्याकडे एकच आहे आणि ते एका कामावर अडकलंय, संक्रांतीनंतर सुटेल. तोवर पिलं थांबणार नाहीत. मी विचारलं, आग-हवा एकत्र असलेलं चालेल का? त्यांनी पुन्हा विचारलं, आत कोणी झोपत नाही ना? मी म्हणाले, नाही, माझ्या वहिनींनी लिहून दिलंय. मग ते म्हणाले, चालेल, पण हवा खेळती पाहिजे.

म्हणून ते पाठवते आहे. यंत्र एका टोकाला ठेवा, तोंड थेट पिलांवर नको. दोन्ही बाजूंचे पडदे वरून दोन-दोन वीत खाली ओढून ठेवा, कितीही गारठा पडला तरी ती फट बुजवायची नाही. थोडी ऊब जाईल, जाऊ द्या. यंत्राला तेवढी ताकद आहे, मी हिशेब करूनच मोठं घेतलंय. आत काम झालं की बाहेर या, रेंगाळू नका.

संक्रांत झाली की दुसरं पाठवते. तेवढेच दिवस काढायचे.

वैष्णवी


वरवंड,
८ जानेवारी २०२५

चि. वैष्णवीस,

तुझ्या हाताला यश आहे! पिलं शेडभर पसरली आहेत, कुठंही ढीग नाही. सुपरवायझर आला, खाली बसून बघितलं आणि म्हणाला, "वैनी, या टायमाला तुमच्यागत शेड आख्ख्या लाइनीत न्हाई." शेजारच्या ताईबाई कुंपणाशी उभ्या राहून गेल्या. तोंड वाकडं करून म्हणाल्या, "तुमच्या कोंबड्यांना एशी, आन् आमची माणसं गारठत्यात." मी म्हटलं, या की बसायला.

यांना सांगितलं की यंत्र पिलांच्या कंपनीकडूनच ओळखीनं आलं. ते उसाच्या पाळीवर असतात, आले की जेवून आडवे होतात, जास्त विचारलं नाही.

आण्णा दोन भाकरी खातात. तुला लिहायचं म्हणून समोर बसलेत, त्यांचं शब्दाला शब्द लिहिते:

'वैष्णे, यंत्र ब्येस हाय. दमेकऱ्यावानी घुरघुरतं. लाइट गेली की गप व्हतं, तवा पिलं माझ्या घोंगडीत शिरत्यात. पार काखेत. जल्माला आलेलं कोकरू असंच शिरायचं. सकाळी जरा डोकं जड व्हतं आन् मळमळतं, पर त्ये वयाचं हाय. तू कवा येती? — आण्णा'

बघ, किती बोलतात आता.

सविता


रांजणगाव,
९ जानेवारी

वहिनी,

हे पत्र संपत तुमच्या हातात देईल, नेहमीसारखं दुकानावर ठेवणार नाही. मी त्याला शपथ घातली आहे.

आण्णा कुठे झोपतात?

मी कालचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले. काखेत शिरणारी पिलं, कोकरू, सगळं गोड वाटलं. सुमितला वाचून दाखवायला लागले आणि मधेच थांबले. लाइट गेली की पिलं घोंगडीत शिरतात हे ओट्यावर झोपणाऱ्या माणसाला कसं माहीत?

मी लगेच तुम्हाला फोन लावला. दादानं उचलला. माझा आवाज ऐकला आणि ठेवला. पुन्हा लावला तर बंद.

वहिनी, डोकं जड होणं वयाचं नाही, ते यंत्राचं आहे. त्या वायूला रंग नाही, वास नाही. माणसाला झोप लागते आणि मग ती झोप उतरत नाही. आज, आत्ता, हे वाचून होईपर्यंत त्यांना बाहेर काढा. ऐकत नसतील तर यंत्र बंद करा. पिलं मेली तर मरू देत. मरू देत, वहिनी. मी नवीन पिलं आणून देईन, दादाच्या पाया पडेन, काय वाटेल ते करेन.

संपतबरोबर उत्तर द्या. उत्तर आलं नाही तर मी स्वतः येते, दादा दारात कोयता घेऊन उभा राहिला तरी येते.

वैष्णवी


वरवंड,
१० जानेवारी

वैष्णवी,

आण्णा ओट्यावर आहेत. काल संपतनं पिशवी हातात दिली तशी मी चिखलाच्या पायांनी शेडमध्ये गेले आणि त्यांचं अंथरूण उचललं. ते बघत राहिले.

"आगं, काय झालं?"

"वैष्णवीनं सांगितलंय. यंत्राची हवा वाईट असती. आत झोपायचं न्हाई."

"आन् पिलं?"

"पिलं ऱ्हातील."

"पिलं सोडून धनी भाईर झोपतो व्हय? वाघरीच्या जाळीत कोकरं टाकून मी कवा खाटंवर झोपलो का? लांडगा काय सांगून येतो?"

"आण्णा, हितं लांडगा न्हाई."

"थंडी हाय की."

मी रडले तेव्हा उठले. मी सून म्हणून आल्यापासून त्यांनी मला कधी रडताना बघितलं नव्हतं.

तू विचारलं होतंस तेव्हा मी खरं का लिहिलं नाही? पहिल्या बॅचपासून ते शेडमध्येच झोपतात. मेंढपाळ माणूस, त्यांना ते वेगळं वाटत नाही. पण ताईबाई गावभर सांगतात, सविता सासऱ्याला खुराड्यात झोपवती आणि आपण बंगल्यात. आणि तू निघताना माझा हात धरून म्हणाली होतीस, वहिनी, माझ्या बापाला जपा. तू तिथं बसून वाचलं असतंस, आण्णा कोंबड्यांत झोपतात, तर काय समजली असतीस? मी ती एक ओळ लिहिताना पेन थांबवला होता. मग लिहिलं, झोपत नाही.

आता फट आहे. दोन्हीकडचे पडदे तू म्हणालीस तेवढे खाली ओढले. पण काल रात्रीपासून वारं सुटलंय आणि उत्तरेच्या बाजूची पिलं पुन्हा गोळा व्हायला लागली आहेत. सकाळी त्या कोपऱ्यात मेलेली सापडली. फार नाहीत. आण्णांनी ती ओळीनं मांडली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. दुपारी जेवले नाहीत. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेत.

मी काय करू सांग. आत ठेवलं तर हवा मारते, बाहेर काढलं तर ते स्वतःच विझतात. ते दुसरं यंत्र लवकर धाड. वैष्णवी, कसंही कर, लवकर धाड.

सविता


रांजणगाव,
१५ जानेवारी

वहिनी,

संपतनं सांगितलं. डबा न देताच त्यानं माझ्यासमोर पिशवीची घडी केली आणि म्हणाला, आण्णांना दौंडला हलवलंय.

काल मी दवाखान्यात आले होते. तुम्ही आत होता, तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. दादा जिन्यातच भेटला. किती वाळलाय. मी दादा म्हणाले, तर तो म्हणाला, "यंत्र तूच धाडलं ना? त्यो यंत्र न्यायला आलेला मानूस तुझंच नाव घेत हुता." मी हो म्हणाले. "मग झालं की तुझं काम. जा आता." मी म्हणाले, एकदा बघू दे. तो म्हणाला, "जित्तेपणी त्यांना सोडून गेलीस, आता बघून काय करतीस?" लोक बघायला लागले. सुमितनं मला धरून खाली आणलं.

मी पायरीवर बसून राहिले. वरच्या कुठल्या खिडकीत आण्णा असतील ते मोजत होते.

दादाचं चुकलं असं मी म्हणत नाही. यंत्र मीच निवडलं. संक्रांतीपर्यंत थांबा असं मीच लिहिलं. यंत्रवाल्यांनी दोनदा विचारलं आणि मी दोन्ही वेळा तुमचा कागद पुढे केला. मला वाटलं होतं, प्रश्न बरोबर विचारला की काम बरोबर होतं. वहिनी, मी तुम्हाला विचारलं, पण माझ्या बापाला मी ओळखत होते ना? माझ्या लहानपणी आई आम्हाला घेऊन घरात झोपायची आणि आण्णा वर्षातले आठ महिने मेंढरांत. हा माणूस पिलांना सोडून ओट्यावर झोपेल, हे मी कसं मानलं?

पण तुम्ही बाहेर काढलं होतं ना? फटही होती ना? मग काय झालं? मला कोणीच काही सांगत नाही. ते जिवंत आहेत की नाहीत, एवढं तरी एका ओळीत लिहा.

वैष्णवी


दौंड,
१८ जानेवारी

वैष्णवी,

जिवंत आहेत. हे आधी लिहिते.

अकरा तारखेची सकाळ. मी चहा घेऊन ओट्यावर गेले तर खाट रिकामी, गोधड्या घडी घातलेल्या. माझ्या हातातून कप पडला नाही, मी तो नीट खाली ठेवला. का ठेवला माहीत नाही. मग धावले.

शेडमध्ये यंत्र घुरघुरत होतं. उत्तरेच्या पडद्यावर जी फट मी ठेवली होती, ती दिसेना. तिथं आण्णांची घोंगडी खालपर्यंत टांगलेली होती, दोन्ही टोकं सुतळीनं नीट बांधून. वाघरीला भोक पडलं की ते असंच घोंगडी लावायचे, ते मला सासूबाई सांगायच्या. दुसऱ्या बाजूच्या फटीत पोती कोंबली होती. पिलांना वारं लागू नये म्हणून रात्री कधीतरी उठून त्यांनी हे सगळं केलं, आणि जवळ पांघरायला काही उरलं नाही म्हणून त्या घोंगडीला पाठ लावून वाऱ्याच्या बाजूला बसले. तसेच सापडले. मांडीत पिलं होती, मेलेली. यंत्राजवळची तर सगळीच गेली होती. त्यांच्या पाठीमागं, घोंगडीच्या अगदी कडेला चार-दोन चिवचिवत होती.

मी विळ्यानं पडदे फाडले, लांबच्या लांब. त्यांना ओढत बाहेर काढलं. ताईबाईच आधी धावल्या, त्यांच्याच पोराच्या गाडीतून दौंडला आणलं. वाटभर ताईबाई आण्णांचे पाय चोळत होत्या.

डॉक्टर म्हणतात, एवढ्या वायूत वाचले हेच नवल. मी त्यांना घोंगडीचं सांगितलं. लोकरीतून थोडा वारा येतो, प्लॅस्टिकमधून येत नाही. त्यांनी मान हलवली, हो म्हणाले की नाही ते कळलं नाही. मला मात्र तेच वाटतं. ज्या घोंगडीनं फट बुजवली तिच्याचमुळे नाक चालू राहिलं.

पण ते भानावर नाहीत. डोळे उघडतात, पाणी पितात, माणूस ओळखत नाहीत. हात थरथरतात. पुढं किती सुधारेल ते कोणी सांगत नाही.

तू जिन्यावरून परत गेलीस हे तुझ्या पत्रातून कळलं. ते पत्र संपतनं इथं आणून दिलं, हे समोरच बसले होते. मी त्यांच्यासमोर उघडलं. ते बघत राहिले. मी म्हणाले, "वैष्णवीचं हाय. डिसेंबरपास्नं येत्यात."

मग मी सगळं सांगितलं. "तिनं इचारलं व्हतं, आत कोन झोपतं का. मीच न्हाई म्हणून लिवलं."

"का?"

"लोक काय म्हंतील म्हणून. ती काय म्हनंल म्हणून."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तुम्हाला काय सांगायचं? तुमचा बाप कुठं झोपतो त्ये तुम्हाला तरी म्हाईत व्हतं का? घरात येऊन फोन बघता. शेडात कवा डोकावला?"

आयुष्यात मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. मला वाटलं, आता हात उचलतील. ते उठून गेले. दिवसभर आले नाहीत. दिवे लागायच्या वेळी आले तर काखेत घोंगडी. गावी जाऊन सोडवून आणली होती, सुतळीसकट. आण्णांच्या अंगावर घातली. आण्णांनी ती नाकाशी नेली, हुंगली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलले. "कोकरांजवळ कोन हाय?"

हे दाराबाहेर गेले. भिंतीकडे तोंड करून उभे होते. पाठ अगदी आण्णांसारखी. आत येऊन म्हणाले, "बोलाव तिला."

आता फोन करता आला असता, माझा फोन त्यांनी माझ्या हातात दिलाय. पण हे सगळं मला बोलून सांगता आलं नसतं.

शेड रिकामं आहे. वाचलेली पिलं ताईबाईंनी नेली, त्यांच्या चुलीपाशी खोक्यात ठेवली आहेत. पुढं पिलं येतील की नाही ते मी विचारत नाही.

संपतच्या बसनं ये. सुमितला आण. चौफुल्याला उतर, न्यायला हे येतील. काही बोलणार नाहीत, तूही लगेच काही बोलू नकोस.

आण्णा दिवसातून कितीदा तरी तेच विचारतात, कोकरांजवळ कोन हाय. मी म्हणते, मी हाय आण्णा. त्यांना माझं पटत नाही, पुन्हा विचारतात. तू येऊन सांगून बघ.

सविता